विमानाची अनामत आणि बँकेचे पतपत्र: गैरसमज व वस्तुस्थिती

भारतीय विमान कंपन्यांची बरीचशी विमाने परदेशी मालकांकडून भाडेपट्ट्याने घेतलेली असतात, आणि भाडे थकल्यास किंवा विमान ठरल्या स्थितीत परत न आल्यास हाताशी काही असावे म्हणून मालक साधारणतः दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागतो. या रोख अनामतीऐवजी ‘स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट’, म्हणजे मागणी होताच ठरावीक रक्कम स्वतः देण्याचे बँकेचे लेखी वचन, पुष्कळदा स्वीकारले जाते. 

अशा पतपत्रामुळे कंपनीचा पैसा पूर्ण मोकळा राहतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. बँक दरवर्षी कमिशन घेते, पतपत्राची रक्कम कंपनीच्या मंजूर कर्जमर्यादेत धरते, आणि कंपनी दुबळी असेल तर तितक्याच रकमेची मुदत ठेव तारण मागते. तरीही त्या ठेवीवरचे व्याज कंपनीलाच मिळते. याउलट रोख अनामत बहुतेक करारांनुसार मालकाच्या पैशांत मिसळते, तिच्यावर व्याज नसते आणि मालकच बुडाला तर विमान कंपनी सामान्य धनकोंच्या रांगेत उभी राहते.

विमान कंपनीची दिवाळखोरी सुरू झाली की पतपत्रही गोठते, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. मुंबईच्या गो फर्स्ट कंपनीने 2 मे 2023 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 10 मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तो दाखल करून घेताच दिवाळखोरी संहितेच्या कलम 14 ची स्थगिती लागू झाली. म्हणजे कंपनीच्या ताब्यातील मालमत्ता परत घेण्यास मनाई झाली. केंद्राने 3 ऑक्टोबर 2023 च्या अधिसूचनेने विमाने या स्थगितीतून वगळली, तरी 54 विमानांची नोंदणी रद्द करण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश येण्यास 26 एप्रिल 2024 उजाडला. पतपत्राचे पैसे मात्र कंपनीचे नसून बँकेचे असतात, आणि कर्जदाराच्या हमीदाराला ही स्थगिती लागू नाही, हे 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केलेले आहे. मालकांना पतपत्र भरवशाचे वाटते ते याच मांडणीमुळे. अर्थात जोखीम नाहीशी होत नाही, ती बँकेकडे जाते आणि बँक धनको बनते.

भाड्यावरून वाद निघाला की न्यायालय रक्कम थांबवते, हेही खरे नाही: उत्तर प्रदेश सहकारी फेडरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली ठरवले की बँकेचे वचन मूळ करारापासून स्वतंत्र असते आणि उघड फसवणूक किंवा भरून न येणारी हानी दिसली तरच त्यात हस्तक्षेप व्हावा.

मालकाने मात्र पतपत्राला रोखीइतके निर्धास्त समजू नये. ते बहुधा वर्षभराचे असून आपोआप नूतनीकरण होणारे असते, म्हणून बँकेने नूतनीकरणास नकार कळवला तर मुदतीपूर्वीच पूर्ण रक्कम मागावी लागते. बँक केवळ कागद तपासत असल्याने मागणीपत्राचा मजकूर चुकला तरी नकार मिळू शकतो. शिवाय तीन महिन्यांच्या भाड्याची हमी जवळजवळ वर्षभर अडकलेल्या विमानाची भरपाई करू शकत नाही; देखभालीसाठी वेगळी राखीव रक्कम घेतली जाते, आणि विमान लवकर परत मिळावे यासाठी संसदेने 2025 साली विमानविषयक हितसंबंधांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला.