डिलीट केलं, पण गेलं का?

कॉलेजच्या लॅबमध्ये ग्रुप प्रोजेक्ट रंगलंय. चौघं चार मशीनवर, फोल्डर मात्र एकच, सर्व्हरवरचं. एकीने जुनी फाइल उडवली. शेजारच्याला ती अजून दिसतेच आहे! तो उघडायला जातो, तर समोर एरर : ‘स्टेल फाइल हँडल’. मग ‘तू डिलीट केलंच नाहीस’, ‘अरे, केलंय!’ अशी जुंपते. गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात.

अशा शेअर्ड फोल्डरमागे अनेकदा एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम असते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात ती आणली. प्रत्येक गोष्ट सर्व्हरला विचारत बसलं तर काम रखडेल. म्हणून प्रत्येक मशीन थोडी माहिती स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतं. लिनक्सवर नेहमीच्या सेटिंगमध्ये ही माहिती फाइलसाठी ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरसाठी ३० ते ६० सेकंद खरी धरली जाते. त्या मधल्या वेळात फाइल उडाली, तर तुमच्या मशीनला पत्ताच नसतो.

भूत फाइल

आपल्याच मशीनवर उघडी असलेली फाइल आपणच डिलीट केली तर? युनिक्सचा नियम असा, की फाइल वापरणारा प्रोग्रॅम ती बंद करेपर्यंत मजकूर टिकला पाहिजे. पण एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये कोणी काय उघडलंय, हे सर्व्हर लक्षातच ठेवत नाही. म्हणून आपलं मशीन फाइल न पुसता तिला ‘डॉट एनएफएस’ने सुरू होणारं नाव देतं आणि ती बंद झाल्यावर पुसतं. या जुगाडाचं नावच ‘सिली रीनेम’! अशी फाइल दिसली तर पुसत बसू नका. ती वापरणारा प्रोग्रॅम शोधा आणि बंद करा. मात्र दुसऱ्या मशीनवरून कोणी डिलीट केलं, तर हे कवच नाही.

विचारायचं की कळवायचं?

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेल्या एएफएसने उलटा रस्ता धरला. तिथे फाइल बदलली की सर्व्हरच कॉपी ठेवणाऱ्यांना कळवतो. पण मग कोणाकडे काय आहे, याची नोंद त्याला सांभाळावी लागते. फुकट काहीच नाही.

तेव्हा ग्रुपमध्ये फाइल थेट उडवू नका. आधी त्याच फोल्डरमध्ये तिचं नाव बदला, सगळ्यांना सांगा, सगळ्यांनी बंद केली की मगच डिलीट!