लकव्याला वर्ष झाले? हात अजूनही सुधारू शकतो

"आता काही होत नाही बा. सहा महिने झाले, जेवढं यायचं तेवढं आलं." अमरावती-अकोल्याकडे लकवा झालेल्या माणसाच्या खाटेजवळ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. अब्बा काठी टेकत मशिदीपर्यंत जायला लागलेले असतात, पण हात छातीशी आखडलेलाच. मग घरचे त्या हाताची आशा सोडून देतात. आमच्या मते ही घाई आहे.

लकव्यात मूळ बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. रक्तपुरवठा बंद झाल्याने किंवा रक्तस्राव झाल्याने हात चालवणारा भाग निकामी होतो. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत जलद होते, हे खरे. पण त्यानंतरही भरपूर सराव मिळाला तर मेंदूचा शाबूत भाग हात वापरायला नव्याने शिकू शकतो.

अडचण अशी की तो हात वापरलाच जात नाही. उजवा हात गेला की सून घास भरवते, मुलगा बटणे लावतो. हे सगळे मायेपोटी होते. पण हळूहळू रुग्ण तो हात विसरतो, आणि जे थोडे जमले असते तेही जाते.

यावर अमेरिकेत 222 रुग्णांवर अभ्यास झाला. लकव्याला तीन ते नऊ महिने झालेल्या या रुग्णांपैकी काहींच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जाड हातमोजा चढवला आणि कमजोर हाताकडून रोज सहा तासांपर्यंत काम करून घेतले. त्यांची सुधारणा दोन वर्षांनंतरही टिकून होती. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात तीन आठवड्यांत 90 तास सराव दिला जातो. तिथल्या निम्म्या रुग्णांच्या लकव्याला दीड वर्षाहून जास्त काळ झाला होता. त्यांचेही हात सुधारले.

पण खोटी आशा नको. मनगट आणि बोटे थोडी तरी हलतात, त्यांना जास्त फायदा होतो. पूर्ण लुळ्या हातात सुधारणा कमी होते. आणि फक्त घरच्यांच्या भरवशावरही राहू नका. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (2017) घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवले, तरी सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टचा सल्ला आणि घरचा सराव, दोन्ही लागतात.

अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन रुग्णालय, जे जवळ असेल तिथे चौकशी करा. अकोट, मूर्तिजापूर, अचलपूरहून रोज येणे परवडत नसेल तर कोणता व्यायाम, किती वेळा, हे लिहून घ्या. पुढच्या भेटीत हात दाखवून त्यात बदल करून घ्या.

घरी रोजचीच कामे सरावाला घ्या. तूर निवडणे, बोंडातून कापूस काढणे, संत्र्याची साल सोलणे, रिकामा पेला उचलून ठेवणे. वुजू करताना नळ कमजोर हाताने उघडू द्या. नमाजमध्ये तकबीरला तो हात जमेल तेवढा उचलू द्या. वेळ लागेल, पाणी सांडेल, पण लगेच मदतीला धावू नका.

काही गोष्टी टाळा. उठवताना कमजोर हात ओढू नका, खांदा निखळतो. बधिर हाताला गरम शेक देऊ नका, भाजलेले कळत नाही. तेल-मालिशने बरे वाटेल, पण सरावाची जागा ती घेऊ शकत नाही. हात फार आखडला असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर औषधे आणि इंजेक्शने आहेत. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. रमजानमध्ये रोजे ठेवायचे असतील तर गोळ्यांच्या वेळा आधीच विचारून घ्या.

चेहरा पुन्हा वाकडा झाला, हात अचानक लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.