कुंपणावरील डोळा

गणेशगुडीस सुपा धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. तरीही पावसाळ्यात एखादी फांदी तारांवर कोसळली की आम्हांस मेणबत्ती शोधावी लागते. विजेचा हा लपंडाव आरंभीच सांगण्याचे कारण असे की, प्रस्तुत प्रयोगात आमची पहिली फजिती त्यानेच केली.

शाळेच्या मागील कुंपणालगत मुलांनी भाजीचे वाफे केले आहेत. रात्री कोणीतरी येऊन ते उकरून जाई. रानडुक्कर की साळिंदर, यावर वर्गात दोन पक्ष पडले. शेवटी कुंपणाच्या खांबावर कॅमेरा बसवून तो कचेरीतील संगणकास जोडावा असे ठरले. काळी व्याघ्र प्रकल्पात वनखाते झाडांना जे कॅमेरे बांधते ते निराळे. प्राणी समोरून जाताच त्याच्या अंगच्या उष्णतेने ते जागे होतात आणि टिपलेले चित्र आपल्याच पोटात ठेवतात. आमचा कॅमेरा अखंड पाहतो व पाहिलेले तत्क्षणी तारेवाटे धाडून देतो.

अशा कॅमेऱ्याबरोबर तयार आज्ञावली मिळते. पण ती बहुधा इंटरनेटच्या भरवशावर चालते, आणि आमच्या या दरीत मोबाइलचे जाळे केव्हा नाहीसे होईल याचा नेम नाही. वस्तुतः कॅमेरा आणि संगणक एकाच आवारात असता बाहेरच्या जगाची गरजच काय? म्हणून मुलांच्या मदतीने स्वतःचीच आज्ञावली लिहावयाचे आम्ही योजिले. कलाशाखेच्या पदवीधराने या फंदात पडावे, याचे काहींस हसू आले. असो. इ. स. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला आणि भांडे भरलेले आहे की रिकामे, हे आपल्या मेजावरील संगणकावर दिसावे म्हणून आज्ञावली रचली, ती तरी कोणत्या थोर हेतूने?

कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटा संगणकच असतो. त्याच्याकडून चित्र मागावयाचे तर त्याचा जाळ्यातील क्रमांक, दाराचा क्रमांक (तो बहुधा ५५४ असतो), नाव व परवलीचा शब्द, आणि हव्या त्या चित्रप्रवाहाची वाट, एवढे ठाऊक हवे. हे सारे एका ओळीत लिहावयाचे. एक अक्षर चुकले की पडदा काळा. हा संवाद ज्या भाषेत होतो ती आर. टी. एस. पी. ही पद्धती १९९८ साली प्रमाण ठरली. पुढे निरनिराळ्या कारखान्यांच्या कॅमेऱ्यांशी एकाच रीतीने बोलता यावे म्हणून ॲक्सिस, बॉश व सोनी यांनी २००८ मध्ये ओनव्हिफ ही संस्था स्थापन केली.

पहिल्या दिवशी चित्र उमटले आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी वीज गेली, परत आली, आणि कॅमेरा हरवला! खांबावर तो होता. परंतु जाळ्यातील क्रमांक वाटणाऱ्या राउटरने त्याला नवाच क्रमांक दिला होता, आणि आमची आज्ञावली जुन्या पत्त्यावर हाका मारीत बसली होती. राउटरमध्ये त्याच्यासाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवला, तेव्हा हा घोळ मिटला.

आता थोडे गणित. आमच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट धरले व सेकंदास २५ चित्रे घेतली, तर दर सेकंदास सुमारे साडेपंधरा कोटी बाइट होतात. १०० मेगाबिटच्या तारेस हा भार मुळीच पेलणार नाही. म्हणून कॅमेरा अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवितो आणि मधल्या काळात केवळ काय बदलले तेवढेच कळवितो. तारेचा भार अशा रीतीने हलका होतो. संगणकास मात्र ते फरक जुळवून पुन्हा चित्र उभे करण्याचे कष्ट पडतात.

आमचा संगणक जुना. तो एक चित्र तपासून साठवी, तोवर पुढची कितीतरी येऊन रांगेत उभी राहत. परिणाम असा झाला की, पडद्यावर बकरी दिसली म्हणून शिपाईमामा काठी घेऊन धावले, तो बकरी कोथिंबीर संपवून केव्हाच घरी गेलेली! तेव्हा आज्ञावलीत दोन कामकरी नेमले. एकाने आलेली चित्रे उचलीत राहून ताजे तेवढेच हाती ठेवावे. दुसऱ्याने सवड मिळताच ते मागून घ्यावे. तपासणीसाठी कॅमेऱ्याचा दुसरा, लहान चित्रांचा प्रवाह घेतला. बकरी वेळेवर दिसू लागली.

परवलीचा शब्द कारखान्यातून येतो तो प्रथम बदलावा. २०१६ साली 'मिराई' नामक घातक आज्ञावलीने असे मूळचेच शब्द राहिलेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या माऱ्याने ऑक्टोबरात अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली.

परंतु खरा पेच या सर्वांहून निराळा निघाला. कुंपणापलीकडे एका आजींचे घर आहे. एके सकाळी त्या शाळेत आल्या व म्हणाल्या, "मास्तर, तो दोळो आमच्या आंगणार कित्याक?" आम्ही पडद्यावर पाहिले. खरेच, चित्राच्या डाव्या कोपऱ्यात त्यांचे अंगण, न्हाणीची वाट, वाळत घातलेली लुगडी, सारे स्पष्ट होते. इतके दिवस आमचे लक्ष वाफ्यांवर असल्याने ते आम्हांस दिसलेच नव्हते! २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, हे नागरिकशास्त्राच्या तासाला आम्हीच शिकविले होते. आम्ही आजींची क्षमा मागितली, त्यांच्यासमोरच जुनी चित्रे पुसली आणि कॅमेऱ्याचे तोंड खाली वळविले. तरीही अंगणाची एक कड दिसत होती. तिच्यावर कॅमेऱ्याच्या आतच काळा पट्टा घातला. संगणकावर घातला असता, तर मूळ चित्र तारेवरून उघडेच गेले असते. आजींनी पडदा निरखून पाहिला, नातवास अंगणात उभे राहावयास सांगितले, आणि तो दिसत नाही अशी खात्री झाल्यावरच त्या गेल्या.

वाफ्यांचा चोर? रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोरील त्याचे जाळे वाऱ्याने हलले की आज्ञावली भुलून घंटा वाजविते. म्हणून दर शनिवारी नववीतील एक मुलगा लांब काठीला फडके बांधून भिंग पुसतो. गेल्या पावसाळ्याअखेरीस अशाच एका पुसलेल्या रात्री वाफ्यात साळिंदर दिसले. मागोमाग दोन पिल्ले होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी रताळ्यांच्या वाफ्याभोवती कुंपण घातले. कडेच्या दोन वेली मात्र बाहेरच राहू दिल्या.