दुबईचा सूर्यास्त

मिठबावहून दुबईस निघालेल्या व्यापाऱ्याचा बहुतेक वेळ मुंबई गाठण्यातच जातो. कणकवलीहून रेल्वेने सात-आठ तास. पुढचे मुंबई-दुबई हे सुमारे १,९३० किलोमीटरचे अंतर विमान सव्वातीन तासांत कापते. दुपारी ३ वाजता सुटलेले विमान तेथील घड्याळाप्रमाणे पावणेपाचला उतरते आणि दीड तास पदरात पडल्याचा भास होतो. चौविहार पाळणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

सूर्यास एक रेखांश ओलांडण्यास ४ मिनिटे लागतात. दोन्ही शहरांत सुमारे साडेसतरा रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्य ७० मिनिटेच मागे असतो. घड्याळ मात्र ९० मिनिटे मागे घेतले जाते. शिवाय दुबई अधिक उत्तरेस, म्हणून हिवाळ्यातील दिवस तेथे आणखी आखूड. डिसेंबरात मिठबावच्या किनाऱ्यावर सूर्य सहानंतर बुडतो, दुबईत साडेपाचच्या सुमारास. उरलेला पाऊण तास पासपोर्ट-तपासणी आणि सामान यांतच सरतो. घरचा डबा विमानातच उघडलेला बरा. चौविहारात पाणीही वर्ज्य, तेव्हा तेही उतरण्यापूर्वीच घ्यावे. जूनमध्ये मात्र दोन्हीकडे सूर्यास्त सातनंतरच होतो. परतीच्या वाटेवर हिशेब उलटा: पूर्वेकडे येताना दुपारच्या विमानास संध्याकाळ समुद्रावरच गाठते.