प्रकाशित फलकाक्षरांचे जलसंरक्षण
प्रकाशित फलकाक्षरांचे जलसंरक्षण : दुकाने, रुग्णालये, उपाहारगृहे इत्यादींच्या दर्शनी भागावर बसविलेल्या व आतून उजळणाऱ्या अक्षरांत पाणी शिरून होणारी हानी टाळण्याच्या उपायांस जलसंरक्षण म्हणतात. पाण्यामुळे अक्षराचा काही भाग विझतो व धातूचे क्षरण होते. याहून गंभीर बाब म्हणजे निरोधन बिघडल्यास फलकाच्या सांगाड्यात विद्युत् प्रवाह उतरतो व स्पर्श करणाऱ्यास प्राणघातक धक्का बसू शकतो.

रचना : फ्रेंच संशोधक झॉर्झ क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिस येथे निऑन नलिका प्रदर्शित केल्या व पुढे वाकविलेल्या काचनलिकांचे फलक जगभर रूढ झाले. त्यांस काही हजार व्होल्ट दाब लागतो. आता त्यांची जागा बव्हंशी एलईडींनी घेतली आहे. अक्षराची पेटी ॲल्युमिनियमाच्या किंवा अगंज पोलादाच्या पट्टीची व दर्शनी पृष्ठ ॲक्रिलिकचे असते. एलईडींना सामान्यतः १२ व्होल्ट एकदिश दाब पुरवितात. तो धोकादायक नसला, तरी पुरवठा एककापर्यंत २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाहच येत असतो.

पाणी शिरण्याची कारणे : नागपूरचे हवामान या दृष्टीने विशेष कठोर आहे. तेथे मे २०१३ मध्ये ४७·९° से. तापमान नोंदले गेले, वर्षाकाठी सु. १,१०० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. तापमानात ४०° से. फरक पडल्यास १ मी. लांबीचे ॲक्रिलिक सु. २·८ मिमी., तर ॲल्युमिनियम केवळ सु. ०·९ मिमी. प्रसरण पावते. या विषम प्रसरणामुळे उन्हाळ्यात सांध्यातील भरण सुटते व पहिल्या पावसात तेथूनच पाणी शिरते.

दुसरे कारण हवेच्या आकुंचनाचे होय. उन्हात ६०° से. पर्यंत तापलेले अक्षर सरीने २५° से. पर्यंत थंड झाले, तर आतील हवेचा दाब सु. एक-दशांशाने घटू पाहतो. पूर्ण बंद पेटीत हे शोषण सु. १ मी. उंचीच्या जलस्तंभाच्या दाबाइतके असते. त्यामुळे सूक्ष्म फटीतूनही पाणी आत ओढले जाते. म्हणूनच सर्व फटी बुजविणे हा एकमेव उपाय मानल्यास तो अपायकारक ठरतो. शिरलेले पाणी आतच कोंडते. ओलसर एकदिश मंडलात विद्युत् विच्छेदन होऊन धन अग्राचे तांबे हिरवट पडून झिजते.

देवनागरी अक्षरे : महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक झाला. या लिपीच्या काही अडचणी वेगळ्या आहेत. शिरोरेखेचा वरचा पृष्ठभाग आडवा असल्याने त्यावर धूळ व पाणी साचते. शब्दातील अक्षरे तिने जोडलेली असल्यास एका ठिकाणी शिरलेले पाणी शब्दभर पसरून दंडांत उतरते. अनुस्वाराचा बिंदू सुटा असल्याने त्यासाठी तारेचे वेगळे छिद्र पाडावे लागते. उकाराच्या तळाशी पाणी साठते.

उपाय : अक्षराच्या प्रत्येक दंडाच्या व उकाराच्या सर्वांत खालच्या बिंदूस निचऱ्याचे छिद्र ठेवतात. फार बारीक छिद्रात पृष्ठताणामुळे पाणी अडते. म्हणून ते सु. ६ मिमी. व्यासाचे ठेवून प्रकाश बाहेर फाकू नये यासाठी आतून आडपडदा लावतात. शिरोरेखेस पुढच्या बाजूस किंचित उतार देतात. सांध्यांत ॲसिटिक अम्ल मुक्त न करणारे उदासीन सिलिकोन वापरतात, कारण त्या अम्लाने तांब्याचे क्षरण होते. भिंतीत शिरण्यापूर्वी तारेस खाली झोळ देतात. त्यामुळे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते.

आयपी ६७ दर्जाचे साधन १ मी. खोल पाण्यात ३० मिनिटे टिकते; तथापि तो दर्जा एलईडीच्या तुकडीचा असतो, जागेवर केलेल्या जोडाचा नव्हे. म्हणून जोडांवर जलरोधक आवरण आवश्यक असते. पुरवठा एकक पावसापासून सुरक्षित जागी, जमिनीपासून उंच बसवितात. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटेच्या अतिवृष्टीने नागपूरच्या सीताबर्डी, अंबाझरी इ. भागांत पाणी शिरले होते. अशा वेळी जमिनीलगतची साधने बुडतात.

धातूच्या सर्व भागांस भूसंपर्क जोडणे व मंडलात ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह खंडित करणारा स्विच बसविणे ही जीवितरक्षणाची मुख्य साधने होत. हा स्विच १२ व्होल्ट बाजूची गळती सहसा ओळखत नाही. त्यामुळे अक्षर विझू लागल्यास ते उघडून पाहावेच लागते. तपासणीस मेअखेरचा काळ योग्य असतो, कारण उन्हाने सुटलेले सांधे तेव्हा दिसतात. विद्युत् पुरवठा बंद करून छिद्रांतील धूळ व कीटकांची घरटी काढावीत आणि भूसंपर्क तपासावा.