बासमतीच्या रोपाला मित्रबुरशीचे संरक्षण

नवी दिल्ली : राजधानीलगतच्या सोनीपत, पानिपत आणि कर्नाल जिल्ह्यांत जून महिन्यात बासमती भाताच्या रोपवाटिका हिरव्यागार दिसू लागतात. त्यातच काही रोपे इतरांपेक्षा एकाएकी उंच वाढतात. नवख्या माणसाला ती जोमदार वाटतात. प्रत्यक्षात ती बारीक, फिकट पिवळी आणि रोगग्रस्त असतात. यांतील बरीच रोपे मरतात आणि जी वाचतात त्यांच्या लोंब्या पोचट राहतात. शेतात ही रोपे निशाणासारखी वर उठून दिसतात म्हणून हरियाणातील शेतकरी याला 'झंडा रोग' म्हणतात. शास्त्रीय भाषेत त्याला 'बकाने' हे जपानी नाव आहे.

फ्युजेरियम फुजिकुरोई ही बुरशी या रोगास कारणीभूत असते. ती जिबरेलीन नावाचे द्रव्य तयार करते आणि त्यामुळे रोप अवाजवी उंच होते. १९२६ साली जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी या रोगाचा अभ्यास करताना बुरशीच्या स्रावाचा हा परिणाम दाखवून दिला होता.

दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पुसा बासमती ११२१ हे वाण लांब दाण्यामुळे निर्यातीत लोकप्रिय झाले. मात्र ते या रोगास सहज बळी पडते. रोग शेतात दिसू लागल्यावर हाती फारसा उपाय उरत नाही. म्हणून खरी लढाई बियाण्याच्या टप्प्यावरच लढावी लागते.

मित्रबुरशी काय करते ?

यासाठी कार्बेन्डाझिमसारख्या रासायनिक बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया दीर्घकाळ प्रचलित आहे. तथापि तांदळातील रासायनिक अवशेषांबाबत परदेशी बाजारपेठा कठोर होत आहेत. करपा रोगावरील ट्रायसायक्लॅझोल या औषधाच्या अवशेषांची मर्यादा युरोपीय संघाने २०१७ साली दर किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा बासमती उत्पादकांना याची जाणीव तीव्रतेने झाली. त्यामुळे जैविक पर्यायांचे महत्त्व वाढले आहे.

ट्रायकोडर्मा ही मातीत नैसर्गिकरीत्या आढळणारी हिरवट बुरशी त्यांपैकी प्रमुख होय. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, विकरांच्या साहाय्याने त्यांची भित्तिका विरघळवते आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच व्यापते. दुधात चांगले विरजण लागले की इतर जिवाणूंना वाव मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही ती जागृत करते.

पंजाब कृषी विद्यापीठाने बासमतीसाठी ट्रायकोडर्मा हर्झियानमची शिफारस केली आहे. त्यानुसार दर किलो बियाण्यास १५ ग्रॅम भुकटी चोळावी आणि लावणीपूर्वी रोपांची मुळे दर लिटर पाण्यात १५ ग्रॅम या प्रमाणाच्या द्रावणात सहा तास बुडवावीत. त्याआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे हलके दाणे काढून टाकणे आणि उरलेले बी स्वच्छ धुणे हितावह ठरते.

जिवंतपणा हीच अट

ट्रायकोडर्मा हे रोग झाल्यावर द्यायचे औषध नव्हे. ती सजीव असल्याने भुकटी उन्हात ठेवल्यास किंवा तिची मुदत संपल्यास उपयोग होत नाही. रासायनिक बुरशीनाशकात मिसळल्यासही ती मरू शकते. अशी उत्पादने कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणीकृत असावी लागतात. नोंदणी समितीचे कार्यालय दिल्लीजवळील फरिदाबाद येथे आहे. ट्रायकोडर्माच्या भुकटीत प्रति ग्रॅम किमान वीस लाख जिवंत घटक असावेत, असा दंडक आहे. म्हणून खरेदी करताना वेष्टनावरील नोंदणी क्रमांक आणि अंतिम तारीख पाहणे अत्यावश्यक आहे.

महाराष्ट्रातील हरभरा आणि तुरीवरील मर रोगही फ्युजेरियम वर्गातील बुरशींमुळेच होतो आणि तेथेही ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया शिफारशीत आहे. पीक व प्रदेश बदलला, तरी नियम एकच राहतो : शत्रू येण्यापूर्वी मित्राला मुळापाशी, जिवंत स्थितीत पोहोचवले पाहिजे.