खुनी कोण, तेवढं सांगू नकोस!

‘सध्या काय वाचतेयस?’ असं कुणी विचारलं की एरवी मी सुरू होते ती थांबतच नाही. हातात रहस्यकादंबरी असली की मात्र पंचाईत. सांगावंसं तर फार वाटतं, पण जे सांगावंसं वाटतं नेमकं तेच सांगायचं नसतं.

कॉलेजात असताना वाचनालयातून अगाथा ख्रिस्तीची एक कादंबरी आणली होती. तिसऱ्या-चौथ्या पानावर एका पात्राच्या नावाला पेन्सिलीचा गोल आणि शेजारी ‘हाच!’ अशी नोंद. चडफडत पुस्तक पुरं केलं, तर खुनी भलताच निघाला. त्या अनाम वाचकाला तेव्हा मनातल्या मनात शिव्या दिल्या. आज वाटतं, पठ्ठ्याने कादंबरीत स्वतःचा एक खोटा धागा घुसवून ठेवला होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांत लेखक आणि वाचक यांच्यात असाच डाव रंगे. अट एकच: गुप्तहेराला मिळालेला प्रत्येक सुगावा वाचकालाही मिळाला पाहिजे. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने 1929 मध्ये यासाठी दहा नियमच लिहून काढले. भुताटकी नको, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा वाटा नकोत, गुप्तहेरानेच गुन्हा करायचा नाही. हेही एक कोडंच, आणि शब्दकोड्यांचं वेड इंग्लंडमध्ये पसरलं तेही याच दशकात. आपल्याकडच्या बाबुराव अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांची गंमत मात्र निराळी. तिथे आपण नायकामागे धावत सुटतो, इथे त्याच्याशी पैज लावून बसतो.

आम्ही तिघी मैत्रिणी सध्या वाचतोय ती अँथनी बर्कलीची ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’, तीही 1929 सालचीच. एका सरदाराला त्याच्या क्लबच्या पत्त्यावर चॉकलेटचा डबा येतो. सोबत कंपनीचं पत्र: नवा माल आहे, चाखून अभिप्राय कळवा. सरदार वैतागून तो डबा शेजारी बसलेल्या गृहस्थाला देऊन टाकतो. गृहस्थ घरी नेऊन बायकोला देतो आणि ती विषाने मरते. पोलिस हात टेकतात. मग गुन्ह्यांची हौसेने चर्चा करणाऱ्या मंडळाचे सहा सभासद एकेक करून आपापली उकल मांडतात.

पुरावे सगळ्यांपुढे साधारण तेच: पत्राचा कागद, टंकलेखन, पार्सलवरचा शिक्का. उकली मात्र सहा! वकील, नाटककार, कादंबरीकार, जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे पुराव्यांचा अर्थ लावतो, आणि दर वेळी आपल्याला ते पटतं. दुसऱ्या दिवशी पुढचा सभासद उठून ते मोडून काढतो. या मंडळात एक रहस्यकथाकारही आहे. तो कुणाकडे बोट दाखवतो हे मी सांगणार नाही, पण त्या पानावर मी एकटीच मोठ्याने हसले. गुप्तहेराने एका पुराव्यातून काढलेला अर्थ हाच एकमेव अर्थ, असं आपण इतर कादंबऱ्यांत किती मुकाट्याने मान्य करतो, ते बर्कली इथे दाखवून देतो.

गंमत अशी की हा खेळ पुस्तकाबाहेरही चालू राहिला. 1979 मध्ये रहस्यलेखिका क्रिस्तियाना ब्रँडने सातवी उकल लिहिली आणि ब्रिटिश लायब्ररीने 2016 मध्ये पुस्तक नव्याने काढलं तेव्हा मार्टिन एडवर्ड्सने आणखी एक. खुद्द बर्कलीने लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा ‘डिटेक्शन क्लब’ काढायला पुढाकार घेतला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. 1931 मध्ये क्लबच्या काही सभासदांनी मिळून ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ लिहिली, प्रत्येकाने एकेक प्रकरण. आधीच्याने काय योजलं होतं ते पुढच्याला ठाऊक नसे. शेवटी सगळा गुंता निस्तरण्याचं काम बर्कलीकडेच आलं.

अशी जुनी पुस्तकं एकट्याने रात्रीत संपवू नयेत. आमचा नियम साधा: एक उकल वाचायची, पुस्तक मिटायचं, फोन करून आपापला संशयित सांगायचा. पहिल्या उकलीनंतर तिघींचे तीन खुनी होते. तिसरीनंतर दोघींचं एकमत झालं, आणि चौथीने दोघींनाही तोंडघशी पाडलं.

आता पाचवीपाशी थांबलोय. एकीने काल रात्री फोन उचलला नाही. ती पुढचं वाचत बसली असणार, असा माझा दाट संशय आहे.